घरधनी, किरायेदार आणि तोंडी करार

हळदीचा हंगाम आटोपून मोंढ्यातील हिशेब चुकते झाले, की हिंगोली, वसमत व कळमनुरी या गावांतील पैशास नव्या वाटा फुटतात. पूर्वी हा पैसा सोन्यात जाई, काही सावकारीत जाई, काही शेतात मुरे. गेल्या पंचवीस वर्षांत तो प्लॉटांत व किरायाच्या खोल्यांत जाऊ लागला आहे. याचे कारण उघड आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून, अभियंते, शिक्षक व शिपाई आले. राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट येथे आहेच. खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या आयांची संख्याही लहान नाही. २०११ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास व शहराची सुमारे ८५ हजार भरली. म्हणजे शंभरातील पंच्याऐंशी माणसे अद्याप खेड्यांतच राहतात, आणि त्यांतील ज्यास ज्यास शहराची पायरी चढावयाची आहे त्यास पहिल्या दिवशी किरायाची खोली शोधणे प्राप्त आहे.

अशा स्थितीत ज्याच्यापाशी चार पैसे आहेत त्याने चार खोल्या बांधाव्या, ज्यास निवारा नाही त्याने तो योग्य मोल देऊन घ्यावा, आणि उभयतांचे समाधान व्हावे, हे सरळ दिसते. प्रत्यक्षात मात्र उभयतांची तक्रार एकसारखी कानी येते. घरधनी म्हणतो, किरायेदार वेळेवर पैसे देत नाही, निघ म्हटले तर निघत नाही, भिंती खराब करतो, विजेचे बिल थकवून पळून जातो. किरायेदार म्हणतो, धनी पावती देत नाही, अनामत परत करीत नाही, विजेचा दर मन मानेल तसा लावतो, आणि मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर खोली रिकामी करावयास सांगतो. आमच्या मते दोघेही बहुतांशी खरे बोलतात. दोघांमध्ये वाद उभा राहतो तेव्हा तो निवडण्यास हाती कागद नसतो, येथे या रोगाचे मूळ आहे.

प्रथम हा घरधनी कोण, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या चाळींचे गडगंज मालक डोळ्यांपुढे आणून येथील घरधन्याचा विचार करणे गैर होईल. येथील घरधनी म्हणजे सेवानिवृत्तीची रक्कम विटांत घातलेला मास्तर, भावांच्या वाटणीत दोन खोल्या वाट्यास आलेली विधवा, किंवा दुकानाच्या वर मजला चढविलेला किराणा व्यापारी होय. त्याचा एक किरायेदार सहा महिने थकला की त्याच्या घरच्या औषधांचा खर्च थकतो. असे असता कायद्याचा सारा इतिहास मात्र मोठ्या शहरांच्या टंचाईतून घडलेला आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई होऊन भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला व त्याने भाड्यांचा मोठा भाग १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस खिळवून टाकला. आमच्या मराठवाड्याची कथा निराळी. येथे निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होते. पुढे हैदराबाद राज्याने १९५४ साली घरभाड्याचा आपला स्वतंत्र कायदा केला. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी घरधनी व किरायेदार यांचे नाते मात्र हैदराबादच्याच कायद्याने बांधलेले राहिले. मुंबई-पुण्यास एक कायदा, विदर्भास दुसरा, मराठवाड्यास तिसरा, अशी एका राज्यात तीन राज्ये चाळीस वर्षे नांदली. अखेर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व तिन्ही जुने कायदे त्याने रद्द केले. तत्पूर्वी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जुन्या कायद्यातील भाडी गोठविणारी कलमे काळाच्या ओघात अवास्तव व मनमानी झाली असल्याचे स्पष्ट म्हटले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या दराने घर देणाऱ्याकडून घराची डागडुजी होईल ही अपेक्षा फोल आहे, हे न्यायासनाच्याही ध्यानात आले होते.

नवा कायदा निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या क्षेत्रांस तो लागू आहे तेथे त्यात उभयतांच्या हिताच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांची ओळख आमच्या व्यापारी बंधूंस फारशी दिसत नाही. धन्यास दरसाल शेकडा चार या मानाने भाडे वाढविता येते. भाडे थकले तर लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्यावाचून दावा लावता येत नाही. आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, तिजवर शेकडा पंधरा व्याज व दाव्याचा खर्च भरणारा भाडेकरी घराबाहेर काढला जात नाही. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी, पोटभाडेकरू ठेवल्यामुळे, परवानगीवाचून पक्के बांधकाम केल्यामुळे, किंवा सबळ कारणाविना सहा महिने जागा न वापरल्यामुळे धन्यास ताबा मागता येतो. घराची दुरुस्ती करणे हे धन्याचे कर्तव्य आहे. तो करीत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकऱ्यास ती आपण करवून घेता येते व वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतचा खर्च वळता करता येतो. रागाच्या भरात पाणी वा वीज तोडणे हा मात्र अपराध आहे. आमच्या गावात कित्येक धनी याच मार्गास पहिला उपाय समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता कागदाविषयी. येथील सर्वसाधारण रीत अशी की ओळखीच्या माणसाने माणूस आणावयाचा, ‘आपलाच आहे’ असे सांगावयाचे, दोन महिन्यांची अनामत हातावर ठेवावयाची, आणि चावी द्यावयाची. ज्यास अधिक सावधगिरी वाटते तो मुद्रांकाच्या कागदावर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतो व निश्चिंत होतो. हे अकरा महिने कोठून आले? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षावरील भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी चुकविण्यासाठी एक महिना कमी करण्याची युक्ती देशभर रूढ झाली. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने ही युक्ती निकामी केली आहे. भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरधन्याची आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. पण खरी शिक्षा निराळीच आहे: नोंदविलेला करार नसेल तर शर्ती काय ठरल्या याविषयी भाडेकऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जावयाचे. म्हणजे आपली जागा आपल्याच हातून जाऊ नये म्हणून ज्याने कागद टाळला, त्यानेच आपल्या विरोधकाच्या हाती शस्त्र दिले. असे असूनही शिक्का मारलेला तो नोटरीचा कागद तिजोरीत जपून ठेवणारे सद्गृहस्थ गावात हवे तितके सापडतील.

उलट नोंदविलेल्या लिव्ह अँड लायसन्सचे बळ पाहा. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास २४ व्या कलमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते, आणि मुदतीपुढच्या दिवसांबद्दल दुप्पट रक्कम वसूल होते. यास खर्च किती? मासिक पाच हजारांची खोली अकरा महिन्यांसाठी दिली तर एकूण भाडे पंचावन्न हजार. त्यावर शेकडा पाव रुपया या दराने मुद्रांक शुल्क सुमारे एकशे अडतीस रुपये, अनामतीवरील किरकोळ आकार, आणि नोंदणीची फी पाचशे ते हजार. हे काम आता घरबसल्या संगणकावरही होते. एका थकलेल्या महिन्याच्या भाड्याहून हा खर्च कितीतरी कमी आहे. तरी लोक कचरतात. त्याचे कारण पैशात शोधून सापडणार नाही. आपले उत्पन्न कागदावर येईल व आयकराच्या अधिकाऱ्याच्या नजरेस पडेल ही भीती त्यामागे आहे. ही भीती आम्हांस पोकळ वाटते. घरभाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या रकमेतून शेकडा तीस सरसकट वजावट मिळते. चार खोल्यांच्या धन्यास कर पडलाच तर किती पडणार?

आणखी एक समजूत येथे खोल रुजली आहे, ती म्हणजे बारा वर्षे राहिला की भाडेकरी मालक होतो. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची गोष्ट आहे खरी, परंतु ती मालकाचे स्वामित्व नाकारून, उघडपणे, विरोधाने जागा बळकावणाऱ्याविषयी आहे. जो धन्याच्या संमतीने शिरला व भाडे देत राहिला, त्याचा ताबा संमतीचाच राहतो. या खोट्या समजुतीपायी कित्येक धनी चांगल्या भाडेकऱ्यास दर दोन वर्षांनी विनाकारण उठवितात, त्याच्या मुलांच्या शाळा बदलावयास लावतात, आणि स्वतःही रंगरंगोटीच्या खर्चात पडतात.

येथवर कागदाचा विचार झाला. आता पैशाचा करू. कारण व्यापारी वाचक मनात म्हणत असतील की हे सारे खरे, पण या धंद्यात सुटते काय? समजा, जागेसह वीस लाख रुपये घालून एक घर उभे केले व ते महिना पाच हजारांनी गेले. वर्षाचे साठ हजार झाले. भांडवलावर शेकडा तीन. त्यातून एक महिना घर रिकामे राहिले तर पाच हजार गेले. नगरपालिकेची पट्टी, नळ, मोटार, चुना-रंग व किरकोळ दुरुस्ती यांत दहा-अकरा हजार गेले. हाती चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार उरले, म्हणजे सव्वादोन टक्के. तीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली असती तर सहा टक्क्यांनी एक लाख वीस हजार, तेही झोपल्या जागी. घर कर्ज काढून बांधले असेल तर हप्ता भाड्याच्या दुपटीहून अधिक बसतो. तेव्हा या धंद्यातील सगळी आशा जागेचा भाव वाढण्यावर आहे, भाड्यावर नाही. आणि ज्यास भाड्याची आशा नाही त्यास किरायेदाराची कटकट कशाला पाहिजे? म्हणून तो कुलूप लावून स्वस्थ बसतो. २०११ च्या खानेसुमारीत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली, आणि त्याच सुमारास सरकारच्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची तूट एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात काढली. एकीकडे कुलपे, दुसरीकडे उघड्यावर पडलेले संसार. हा हिशेब कोणत्याही शहाण्या गृहस्थास अस्वस्थ करील.

आमच्या मुलखात या खर्चात एक भर पडते ती काळ्या मातीची. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात, आणि जो पाया मुरमापर्यंत नेलेला नाही त्यावरची भिंत दोन-चार वर्षांत तिरप्या रेषेने तडकते. बांधताना पायात वाचविलेले पैसे पुढे दुरुस्तीत तिप्पट जातात. शिवाय वसमत-कळमनुरीच्या बाजूस जमिनीतून गूढ आवाज येण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालू आहेत. २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा संहार मराठवाडा विसरलेला नाही. असे असता किरायाच्या खोल्या म्हटल्या की जुनी दगड-मातीची भिंत ठेवून तिच्यावर नवा स्लॅब टाकण्याची जी चाल आहे, तिजकडे नगरपालिकेच्या अभियंत्यांनी डोळेझाक करू नये. त्या छपराखाली झोपणारे भाडेकरी आहेत, आणि त्यांस भिंतीचा इतिहास ठाऊक नसतो.

ज्यांस खोल्यांचा हा त्रास नको ते प्लॉट घेतात. येथे तर मोठीच फसगत आहे. शेताचे गुंठे पाडून विकण्याचा व्यापार जोरात आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, एवढे गणित दलालास पुरते. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारी लायगो प्रयोगशाळा होणार, तिला २०२३ च्या एप्रिलात केंद्राने सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट आहे; पण अशा बातमीवर स्वार होऊन कोणी रस्त्याकडेचा तुकडा गळ्यात मारू लागला तर घेणाऱ्याने चार प्रश्न विचारले पाहिजेत. तुकडेबंदीच्या कायद्यात हा व्यवहार बसतो काय? रेखांकन मंजूर आहे काय? क्षेत्र पाचशे चौरस मीटरांहून अधिक असता महारेराचा नोंदणी क्रमांक आहे काय? आणि मराठवाड्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ही जमीन मुळात कोणाची होती? निजामाच्या अमदानीत मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान व वक्फ अशा नाना प्रकारच्या इनामांनी जमिनी दिल्या गेल्या. त्यांतील कित्येक आजही सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशा नावाने उभ्या आहेत, आणि सरकारच्या परवानगीवाचून त्यांचा व्यवहार टिकत नाही. मदतमाश जमिनींसाठी नजराण्याचा दर २०२४ साली उतरविला गेला हे खरे. परंतु नजराणा भरला आहे की नाही हे पाहण्याचे काम विकत घेणाऱ्याचेच. फेरफार उलगडून तीस वर्षांचा शोध घेण्यास वकील जी फी घेतो, ती जावयाच्या आहेरापेक्षा कमीच असते. आमचा व्यापारी हळदीचे पोते घेताना बोटाने कांडी मोडून पाहतो, पण आयुष्याची पुंजी जीत घालावयाची ती जमीन एका इसारपावतीवर घेतो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली तिजकडे वळतो. किरायेदार निवडताना धनी भाडे फेडण्याची ऐपत पाहतो यात गैर काही नाही. पण घर पाहावयास आलेल्या माणसास पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हा का असावा? आडनाव ऐकून ‘जागा कालच गेली’ असे सांगावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली दुसऱ्यास दाखवावयाची, ही रीत आमच्या शहरांत आहे हे कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही. बौद्ध शिक्षकास एका गल्लीत घर नाही, मुसलमान नर्सला दुसऱ्या गल्लीत नाही, एकट्या नोकरदार बाईस कोणत्याच गल्लीत नाही. १९१७ साली परदेशातून उच्च विद्या घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांस त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशांच्या वसतिगृहात नाव झाकून राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथूनही बाहेर काढले. त्या गोष्टीस शंभरांवर वर्षे लोटली. काठ्या गेल्या, ‘जागा कालच गेली’ हे वाक्य आले.

कायद्याचे याबाबतीत हात आखडलेले आहेत. राज्यघटनेने सरकारला भेद करण्याची बंदी केली. खासगी धन्याच्या निवडीवर मात्र तिचा तसा सरळ अंमल चालत नाही, आणि २००५ साली एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा तिचा नियम मान्य केला. अनुसूचित जातिजमातींवरील अत्याचारांचा १९८९ चा कायदा आहे, पण तोंडावर गोड बोलून नाकारलेली खोली कोर्टात सिद्ध करणे कठीण. तेव्हा हा प्रश्न पुष्कळ अंशी धन्याच्या हिशेबाचा व विवेकाचाच राहतो. हिशेबाने पाहिले तरी हे वर्तन तोट्याचे आहे. दरमहा नेमाने पगार घेणारा माणूस आडनावामुळे परत पाठवावयाचा, आणि ‘आपला’ म्हणून आणलेल्या दूरच्या नातलगाकडून भाडे मागण्याचीही चोरी व्हावयाची, ही गोष्ट कोणत्या चोपडीत जमेस धरावी? थकलेली भाडी बहुधा ‘आपल्यां’कडेच थकतात, कारण परक्याशी कागद होतो व आपल्याशी होत नाही.

याच जिल्ह्यात नरसी हे संत नामदेवांचे गाव आहे. औंढ्याच्या देवळापुढे त्यांस कीर्तन करू दिले नाही, म्हणून ते मागील बाजूस जाऊन उभे राहिले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका येथील लहान मूल सांगते. ती सांगताना आपण देवळाच्या बाजूने बोलतो. भाड्याच्या खोलीपाशी आलो की मात्र देवळाच्या पुजाऱ्याची जागा घेतो. असो.

उपाय काय, याविषयी आम्हांस जे सुचते ते लिहितो. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित केली आहे, प्रत्येक करार भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदवावयाचा आहे, तंटा साठ दिवसांत निकाली काढावयाचा आहे, आणि मुदत संपूनही न निघणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे घ्यावयाचे आहे. राज्याने त्यातील काय घ्यावे व काय सोडावे यावर मतभेद होतील. मुंबईतील जुन्या भाडेकऱ्यांची भीती निराधार नाही. परंतु मुंबईचा प्रश्न सुटेपर्यंत हिंगोलीने थांबावे, हे पटण्यासारखे नाही. जे आज कायद्यात आहे त्याचा अंमल तरी येथे व्हावा. सक्षम प्राधिकाऱ्याची बैठक महिन्यातून ठरल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी भरावी, म्हणजे दोन खोल्यांच्या विधवेस एका अर्जासाठी परगावी खेटे घालावे लागणार नाहीत. नगरपालिकेने सोप्या मराठीत कराराचा छापील नमुना करपावतीबरोबरच घरोघर द्यावा. त्यात भाडे, अनामत, विजेच्या स्वतंत्र मीटरवरील आकडा, पाण्याची व्यवस्था, रंगरंगोटी कोणी करावयाची, व किती दिवसांच्या सूचनेने निघावयाचे एवढे रकाने असले की निम्मे तंटे उगवणारच नाहीत. अनामत परत देण्याची तारीखही त्यात असावी. येथील बहुतेक भांडणे शेवटच्या दिवशी, भिंतीवरच्या खिळ्याच्या भोकांवरून सुरू होतात.

आणि आमच्या व्यापारी मंडळींस एक विनंती. मोंढ्यात आडत्या, खरीददार व शेतकरी यांच्यात तंटा पडला तर चार शहाणी माणसे बसून तो तोडतात. तसे घरभाड्यासाठी एक लहानसे मंडळ आपण निर्माण करावे. त्यात दोन घरधनी, दोन किरायेदार व एक वकील असावा, आणि किरायेदारांतील निदान एक तरी अशा वस्तीतील असावा की जिच्या आडनावास आज गावात खोली मिळत नाही. या मंडळाने रिकाम्या खोल्यांची यादी उघड ठेवावी, प्रत्येक खोलीपुढे भाडे व अनामत लिहावी, आणि यादीत नाव घालणाऱ्या धन्याकडून अगोदर लिहून घ्यावे की जो प्रथम येऊन शर्ती मान्य करील त्यास खोली दिली जाईल. पहिल्या वर्षी यादीत दहाच खोल्या आल्या तरी चालेल. शाळा उघडण्यापूर्वी बिऱ्हाडे हलण्याचे दिवस येतात. त्याच्या आत ही यादी तयार झाल्यास ती विनामूल्य छापण्यास या पत्रातील जागा आम्ही देऊ.